पाठीवरची माती

“…आणि या चारांत सगळ्यात वरचा खेळ कोणता?”

वकीलसाहेबांनी हे विचारलं तेव्हा दस्तगीर वस्ताद लिंबं पिळत होते.

तालमीच्या आतल्या लाल मातीच्या चौकाला हौदा म्हणतात. कुस्ती तिथंच होते. त्या मातीत ताक, हळद, तेल घालायचं काम पैलवान करत. लिंबू मात्र वस्ताद स्वतः पिळत. वय अठ्ठ्याहत्तर. उजवा गुडघा वाकत नव्हता. दोन्ही कान मोडून सुक्या अंजिरासारखे झालेले.

“चार कुठले?” त्यांनी विचारलं.

“बॉक्सिंग, कराटे, ज्युडो आणि तुमची कुस्ती.”

“आमची,” वस्ताद म्हणाले. “बरं.”

वकीलसाहेबांचं नाव मकरंद उपळेकर. वय एक्केचाळीस. तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामात त्यांच्या तोडीचा दुसरा नाही, असं लोक म्हणत. कायद्याच्या परीक्षेत सुवर्णपदक मिळालेलं. ते बूट घालूनच उंबऱ्यात उभे होते.

मी ओट्यावर उन्हाला बसलो होतो. डॉक्टरांनी सकाळचं ऊन सांगितलं आहे. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं; तरी ऐकलेलं शब्दन् शब्द आठवतं, असं छातीवर हात ठेवून मी म्हणणार नाही. पण पुढचं बरंचसं असंच घडलं.

वकीलसाहेबांनी पिशवीतून वही काढली. वहीत तक्ता होता. वर चार खेळांची नावं. कडेला: दम किती वाढतो, वजन किती उतरतं, इजेपासून बचाव किती, अंगावर कुणी धावून आलं तर उपयोग किती. प्रत्येकाला दहापैकी गुण.

वस्तादांनी हात धोतराला पुसले. वही लांब धरून पाहिली.

“बॉक्सिंगला दमाचे नऊ. खरं हाय. करून बघितलंत?”

“महिनाभर. सांगलीला जात होतो. तीन मिनिटं दोरीवरच्या उड्या मारल्या की डोळ्यांपुढं अंधारी यायची. पण दम वाढला.”

“मग सोडलं का?”

“नाकामुळं.”

“फुटलं?”

“नाही. फुटेल असं वाटलं.”

आतून कुणीतरी हसलं. तो इरगोंडा. दूध संघात काम करतो, रोज सकाळी तालमीत येतो, अंगानं रेड्यासारखा आणि जिभेनं त्याहून मोकाट.

“कराटे?”

“पंधरा दिवस. मास्तर माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. ‘काका, पाय वर’ म्हणायचे.”

“पाय वर गेला?”

“कमरेपर्यंत.”

“लई झाला की,” वस्ताद म्हणाले. “कुस्तीला इजेत दोनच दिलेत?”

वकीलसाहेबांनी वस्तादांच्या कानांकडं पाहिलं आणि नजर वळवली.

वस्तादांनी कान चाचपला. “बरोबर दिलेत.”

मग त्यांचं बोट वहीवर एका जागी थांबलं.

“हा रकाना मोकळा का?”

ज्युडोच्या खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

“तो… तिथली वेळ जुळत नाही.”

“कवाची असतीय?”

“संध्याकाळची.”

“सांगलीला जात होता ती कवाची?”

“…संध्याकाळचीच.”

वस्तादांनी आणखी एक लिंबू चिरलं. “कोण शिकवतो तिथं?”

“बसवराज घाळी म्हणून आहे एक. वकीलच आहे.” वकीलसाहेब थोडं थांबले. “आमची वकिलीची खोली एकच आहे. कोर्टासमोर. ओळख कॉलेजपासूनची, बावीस वर्षं.”

“दोस्त?”

“हो. म्हणजे… हो.”

*

“अंगावर धावून येणारा कोण?” वस्तादांनी विचारलं.

“कुणीही. स्वसंरक्षण म्हणतोय मी.”

“कुणीही कधी धावून येत न्हाई. येतो तो कुणीतरी एक असतो.”

तेव्हा वकीलसाहेबांनी सांगितलं.

मार्च महिन्यात एका जमिनीच्या दाव्याचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. हरलेल्याचा भाऊ काठी घेऊन कोर्टाच्या फाटकात उभा होता. वकीलसाहेब बाहेर पडले. शेजारी त्यांची बायको होती. दोघं बँकेत जाणार होते. काठी वर गेली. तेवढ्यात पलीकडून बसवराज घाळी आला, त्या माणसाचं मनगट धरलं, वळला, आणि त्याला अलगद जमिनीवर निजवलं. पोलीस येईपर्यंत त्याच्या छातीवर बसून राहिला. बसल्या बसल्या चहा मागवला. एक स्वतःला, एक त्या माणसाला.

इरगोंडा आतून ओरडला, “वा रं वा! साखर किती विचारली का?”

“चांगलं झालं की,” वस्ताद म्हणाले. “तुमी वाचलात.”

“वाचलो.”

“मग वाईट काय झालं?”

बाहेरून सायकलची घंटा वाजवत पाववाला गेला. वकीलसाहेबांची नजर त्याच्यामागं वळणापर्यंत गेली.

“आमच्या घरी कुणीही आलं की ही गोष्ट सांगितली जाते,” ते शेवटी म्हणाले. “माझी बायको सांगते. बसूभाऊजींनी असं मनगट धरलं, असे वळले. उठून करून दाखवते. परवा गॅसवाल्याला सांगितली.”

“आणि तुमी काय केलं, ते सांगतात?”

“…फाईल डोक्यावर धरली.”

“ते सांगतात?”

“तेही करून दाखवते.”

यावर इरगोंडाही हसला नाही.

“ती चेष्टा करत नाही, वस्ताद. तेच तर. तिला त्यात काही वाटत नाही. ‘हे पण होते तिथं,’ म्हणते. हे पण.”

वस्तादांनी चिरलेलं लिंबू मातीवर पिळलं.

“आणि तो असा आहे की कधी बढाई मारत नाही. कुणी विषय काढला की म्हणतो, ‘मक्यानं दावा जिंकला म्हणून तर मारामारी झाली, मोठेपणा त्याचा.’ कॉलेजात मला पदक मिळालं तेव्हा वसतिगृहात पेढे त्यानं वाटले. स्वतः काठावर पास झाला होता. मला तेव्हाही… मला तेव्हाही त्याचा राग आला होता.”

“पेढ्यांचा?”

“इतका आनंद त्याला कसा झाला, याचा.”

वस्तादांनी वही मिटून परत दिली.

“तीन महिने त्याच्याबरोबर चहा घेतलेला नाही. खोलीच्या मधे पार्टिशन घालणार आहे. सुतार सांगून ठेवलाय.” वकीलसाहेबांचा आवाज एकदम कोर्टातला झाला. “मला सरळ सांगा. ज्युडोवाल्याला लोळवेल असा खेळ कोणता?”

“तो धावून आला तुमच्यावर?”

“कोण? बसू? छे! तो कशाला येईल?”

“हां,” वस्ताद म्हणाले.

आणि त्यांनी कोपऱ्यातलं खोरं उचलून वकीलसाहेबांच्या हातात दिलं.

“उद्या साडेपाचला. बूट भाईर. सगळेच खेळ चांगले हायत. हितं पयली माती उकरायची.”

*

पाच आठवडे मकरंद उपळेकरांनी माती उकरली.

दुसऱ्या दिवसापासून वस्ताद त्यांना अरेतुरे करू लागले. “मकरंदा, खोल मार. वरवरची काय खाजवतोस?”

माती कडक झालेली असते. पडणाऱ्याला लागू नये म्हणून रोज उकरून मऊ करावी लागते. त्यानंतर जोर, बैठका. त्यानंतर इरगोंडाबरोबर पकड. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले. तिसऱ्या आठवड्यात पट्टा दोन भोकं आत गेला. पाचव्या आठवड्यात इरगोंडाला त्यांना खाली घ्यायला जरा वेळ लागू लागला.

“वकीलसाहेब,” तो धापा टाकत म्हणायचा, “हितं तारीख मिळत न्हाई हां. आजच्या आज पडायचं.”

पण कुठलाही डाव दाखवला की मकरंद एकच विचारायचे.

“ज्युडोवाला हे तोडेल?”

“तोडंल,” वस्ताद म्हणायचे.

“आणि हे?”

“हे बी तोडंल.”

“मग मी काय करायचं?”

“पुन्ना माती उकर.”

वही ते रोज आणत. कुस्तीच्या रकान्यात नव्या नोंदी होत होत्या. एके दिवशी माझ्याशेजारी ओट्यावर बसून त्यांनी लिहिलेलं मला वाचून दाखवलं. वकिलांना कुणाची तरी संमती लागते, आणि मी निवृत्त प्राध्यापक.

“सर, हे बघा. पकडीला उभं राहण्याआधी हे लोक मूठभर माती उचलतात आणि समोरच्याच्या खांद्याला, पाठीला चोळतात. मग तो याला चोळतो. मी लिहिलंय : शिष्टाचार. कोर्टात समोरच्या वकिलाला ‘माझे विद्वान मित्र’ म्हणतात तसं. बरोबर?”

“असावं,” मी म्हणालो.

मी तिथं सहा वर्षं बसत होतो. माझाही तोच समज होता.

*

मग एका सोमवारी उंबऱ्यात एक ठेंगणा, रुंद माणूस येऊन उभा राहिला. चपला त्यानं रस्त्यावरच काढल्या होत्या.

“मक्या!”

मकरंदांच्या हातातलं खोरं थांबलं.

“तू इथं कसा?”

“वहिनींनी सांगितलं. चहाला येत नाहीस, सकाळी घरी नसतोस, खोलीत मान वर करत नाहीस. म्हटलं, लेका मातीत तरी भेटशील.” त्यानं वाकून वस्तादांच्या पायांना हात लावला. “मी बसवराज घाळी. मलाही शिकवा की. चाळिशी उलटली, पोट बघा कसं सुटलंय.”

वस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं. मग मकरंदांकडं पाहिलं.

“शिकीव म्हणतोय,” ते मकरंदांना म्हणाले.

“मला काय विचारता?”

“माती तू उकरलीयस.”

“…तालीम तुमची आहे.”

“ये,” वस्ताद बसवराजला म्हणाले.

त्या दिवशी बसवराज वीस बैठका मारून भिंतीला टेकला. इरगोंडानं त्याला उचलून टाकलं तेव्हा पडता पडता तो इतका मोठ्यानं हसला की रस्त्यावरची दोन माणसं डोकावून गेली. पण पडला मात्र छान. वस्ताद म्हणाले, “पडायला चांगलं शिकलाय. पाय बी चांगला हाय तुझा.”

मकरंद खोरं धरून उभे होते.

पाच आठवड्यांत वस्तादांनी त्यांच्या कुठल्याच अवयवाला चांगलं म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी बसवराजला पकड कशी सोडवायची ते स्वतः हात धरून दाखवलं. मकरंदांना ती इरगोंडानं दाखवली होती. तिसऱ्या दिवशी बसवराजनं येताना सगळ्यांसाठी केळी आणली. चौथ्या दिवशी तो आला नाही, तर इरगोंडानं दोनदा विचारलं, “घाळीवकील कुठं ऱ्हायलं?”

मकरंद एकदाही गैरहजर राहिले असते तर कुणी विचारलं असतं का, कोण जाणे. ते कधी गैरहजर राहिलेच नाहीत.

त्या दिवशी ते ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. वही उघडलीच नाही.

“सर, तुम्ही इथं इतकी वर्षं बसता. वस्तादांनी तुम्हाला कधी काही चांगलं म्हटलंय?”

मी आठवून पाहिलं.

“नाही,” मी म्हणालो.

खरं सांगायचं तर तो प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

*

पुढच्या सोमवारी वस्ताद म्हणाले, “आज तुमची दोघांची जोड.”

पैलवान भिंतीला टेकून उभे राहिले. मीही ओट्यावरून उठून दारात गेलो.

“मक्या, हळू हां,” बसवराज म्हणाला. “माझी कंबर सरकारी आहे, कधीही बंद पडते.”

मकरंद हसले नाहीत. सहा आठवड्यांचा, किंवा कदाचित बावीस वर्षांचा, एकच विचार त्यांच्या चेहऱ्यावर होता.

बसवराज वाकला. दोन्ही हातांत माती घेतली. मकरंदांच्या मानेला, खांद्यांना, पाठीला चांगली चोळली. एखाद्या बैलाला घासावं तशी. शेवटी पाठीवर एक थाप मारली.

“शाबास. काय अंग कमावलंयस!”

मग तो मागे सरला आणि पाठ जराशी वळवून उभा राहिला. वाट पाहत.

मकरंदांनी खाली वाकून माती उचलली. ती स्वतःच्या तळव्यांना चोळली. झटकली.

“चल,” ते म्हणाले.

“वकीलसाहेब,” इरगोंडा हळूच म्हणाला, “माती…?”

“शिष्टाचार नंतर. सुरू करा.”

बसवराजनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग तो सरळ झाला.

मी वस्तादांकडं पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं. हातातलं लिंबू त्यांनी खाली ठेवलं, एवढंच.

हात भिडले.

मकरंदांची ताकद त्या दिवशी खरोखर बघण्यासारखी होती. त्यांनी बसवराजच्या मानेवर हात टाकला, ओढला… हात सुटला. बसवराजला आल्या आल्याच घाम फुटलेला होता. त्यांनी खांदा धरला. सुटला. खाली झेप घेऊन पाय धरला, छातीशी आवळला, उचलला… तळव्यांवरच्या मातीचा एव्हाना चिखल झाला होता. भिजल्या साबणासारखा पाय निसटला.

मकरंद दोन पावलं मागे गेले. डोळे लाल.

“तेल!” ते ओरडले. “हा तेल लावून आलाय!”

भिंतीला टेकलेले पैलवान सरळ झाले.

कुस्तीत समोरच्याला शिवी दिली तर ती विसरली जाते. पण तेल लावून आलास, असं कुणी म्हणत नाही. ते फसवणुकीचं नाव आहे.

बसवराजचे हात खाली आले.

“मक्या…” तो म्हणाला. “तेल?”

वस्ताद भिंतीला धरून हौद्यात उतरले. गुडघा ओढत बसवराजजवळ गेले. त्याच्या खांद्यावरून बोट फिरवलं. ते बोट मकरंदांच्या तोंडासमोर धरलं.

“चाख.”

“वस्ताद…”

“चाख की. वकील हायस. पुरावा हाय.”

मकरंदांनी बोट जिभेला लावलं.

“कसं लागतंय?”

“…खारट.”

“तेल खारट असतंय?”

मकरंदांनी मनगटानं तोंड पुसलं.

“दोघं बी भिताडाकडं तोंड करा,” वस्ताद म्हणाले.

दोघं वळले.

आम्हा सगळ्यांसमोर दोन पाठी होत्या. एक लाल. मानेपासून कमरेपर्यंत लाल, आणि मधोमध थाप मारलेल्या हाताची पाच बोटं. दुसरी घामानं चकाकणारी, कोरी. घामावर हात बसायला लागते ती माती तिच्यावर नव्हतीच.

सगळ्यांना दिसलं. दिसलं नाही ते फक्त त्या दोघांना. स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही.



मग बसवराजनं खुंटीवरचा पंचा घेतला. आवाज नेहमीसारखा ठेवायचा तो प्रयत्न करत होता. “येतो वस्ताद. साडेदहाला तारीख आहे.” दारात तो थांबला. मागे न बघता म्हणाला, “मक्या, सुतार आज अकराला येणार ना? माझं कपाट मी आधीच सरकवून ठेवतो. तुला त्रास नको.”

तो माझ्या शेजारून गेला. रस्त्यावर काढलेल्या चपला त्यानं शोधल्या नाहीत. पायांनीच चाचपून घातल्या.

*

पैलवान पांगले. इरगोंडाही गेला.

मकरंद नळाखाली जाऊन बसले. पाणी अंगावरून फरशीवर आलं. लाल. आणखी लाल. ते थांबेचना. मकरंद खाली बघत राहिले.

“इतकी माती?” ते म्हणाले. “मी तर पडलोही नाही.”

“न्हाई पडलास,” वस्ताद म्हणाले.

पाणी वाहत होतं.

“तीनदा त्याचा हात बसला तुझ्यावर,” वस्ताद म्हणाले. “एकदा मानंवर, दोनदा कमरंला. पक्का बसला. कळलं तुला?”

“…नाही.”

“तीनदा त्यानं सोडला.”

मकरंदांनी नळ बंद केला. थेंब गळत राहिले. ते ओल्या अंगानंच बाहेर आले आणि हौद्याच्या काठावर बसले. खोरं शेजारीच पडलं होतं. त्यांनी ते उगाच सरळ करून ठेवलं.

“वही आणलीयस?”

“आणलीय.”

“ते काय लिवलंवतंस… शिष्टाचार. त्याला धापैकी किती दिलंस?”

मकरंदांनी वही उघडली. बोटांचं पाणी कागदावर पडलं. ते पान शोधत राहिले.

“त्याला गुण दिले नव्हते,” ते म्हणाले. “रकानाच नव्हता.”

घड्याळात साडेनऊ झाले होते.

“वस्ताद, मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं.”

वस्ताद पायानं माती सारखी करत होते.

“उद्या पुन्हा जोड लावाल? उद्या मी आधी त्याला…”

“उद्या तो येणार न्हाई.”

मकरंदांनी मान खाली घातली. मला वाटलं ते रडतील. पण रडले नाहीत. नुसते बसून राहिले. त्यांचे खांदे सहा आठवड्यांत खरंच भरले होते. त्या क्षणी ते कुणाच्याच उपयोगाचे दिसत नव्हते.

“मग मी आता काय शिकू?” ते म्हणाले. “कुठला खेळ?”

वस्ताद खाली बसू लागले. न वाकणारा पाय त्यांनी पुढं सरळ टाकला, एक हात भिंतीला लावला, आणि इंच इंच करत मातीपर्यंत गेले. मी उठून आधार द्यायला निघालो. त्यांनी नजरेनंच मला थांबवलं.

त्यांनी मूठभर माती उचलली. मकरंदांचा उजवा हात ओढून घेतला, तळव्यावर माती ठेवली, आणि एकेक बोट धरून मूठ मिटवली.

“ही त्याची हाय,” ते म्हणाले. “नेऊन दे.”

मकरंद मुठीकडं बघत राहिले.

“आत्ता?”

“सुतार कवा येतोय?”

“अकराला.”

वस्तादांनी घड्याळाकडं पाहिलं.

मकरंद उठले. डाव्या हातानं कसाबसा सदरा चढवला. बटणं तशीच राहिली. बूट घालायला दोन हात लागतात. त्यांनी ते सोडून दिले. उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्यांना माझी संमती हवी होती.

ते मागे वळले.

“वस्ताद, पण आता तो अंघोळ करून, काळा कोट घालून खोलीत बसला असेल. समोर पक्षकार असतील…”

वस्तादांनी खाली ठेवलेलं लिंबू उचललं.

“मग कोटावर लाव.”